वरवंट्याला घातलेला कुर्ता

विहीणबाई,

तुमच्या चौदाव्याला मी चांदवडला आले होते. पंगतीत माझ्या शेजारी तुमची कुणी चुलतजाऊ बसली होती. बुंदी चिवडत ती तीनदा म्हणाली, "लय साधी बाई होती हो." समोरच्या बायकांनी माना हलवल्या. एकीनं वर जोडून दिलं, "कुणाला वाकडं म्हणून बोलली नाय कधी." मी हातातला घास ताटात परत ठेवला, आणि तो काही दुःखानं नव्हे.

साध्या, म्हणे. माझा आजवर ज्यांनी ज्यांनी पाणउतारा केला त्यांच्यात तुमचा नंबर पहिला आहे, आणि तो तुम्ही आवाज जराही न चढवता केलात. त्या बायकांना काय कळणार? माणूस गेलं की चार चांगले शब्द टाकायचे, ते फुकटात पडतात म्हणून लोक हौसेनं टाकतात. अंगणवाडीतल्या तुमच्या जागेवर आता कोण येणार याची चर्चा त्याच पंगतीत, दुसऱ्या वाढपाला सुरू झाली. मी मठ्ठा न घेताच उठले.

दुसऱ्या दिवशी पहाटे अश्विनी इथे नाशिकला बाळंत झाली. मुलगी झाली. तुमची लेक सुखरूप आहे, तिची लेकही. उद्या बारावा दिवस, आमच्या घरी बारसं आहे. करावं की करू नये, म्हणून मी व्याह्यांना फोन केला, तर ते म्हणाले, "करा की. ती असती तर दोन दिस आधीच येऊन बसली असती." खरं आहे. बसला असता, आणि माझ्या घरातलं एकूण एक झबलं उलटं करून बघितलं असतं.

कापड उलटं करणं हा तुमचा पहिला अपराध. तो मला शौर्यच्या वेळी कळला. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे तुमच्याकडे होतं. बारशाचे कपडे मात्र माझ्याकडून, असं मी जाहीर करून टाकलं होतं, आणि खरेदीला तुम्हाला मुद्दाम नाशिकला बोलावलं. सल्ला घ्यायला नव्हे, दाखवायला. मी विमा कचेरीत तीस वर्षं काढलेली, गंगापूर रोडला राहणारी, आणि मुख्य म्हणजे मुलाकडची. मुलाकडचं असण्याची एक गुर्मी असते, ती मी त्या दिवशी अत्तरासारखी लावून निघाले होते.

दुकान मी निवडलं होतं. काचेचं दार, आत एवढं गार की बाळाच्या कपड्यांनाच सर्दी व्हावी. विक्रेत्यानं काउंटरवर कुर्ता पसरला. जरीचा, बंद गळ्याचा, त्यावर मण्यांच्या कामाचं जाकीट आणि शिवलेलं धोतर. माझा जीवच जडला त्याच्यावर. तुम्ही खांद्यावरची पिशवी खाली ठेवलीत आणि तिच्यातून सोललेला नारळ बाहेर काढलात.

"मावशी, आमच्या दुकानात नारळ फोडायचाय का?" विक्रेता हसून म्हणाला.

"फोडायला नाय आणला," तुम्ही म्हणालात. "डोकं हाय हे. नव्या लेकराचं."

आणि तो कुर्ता तुम्ही नारळाला घालायला लागलात. मी शेजारच्या काउंटरवर सरकले आणि तुमची-माझी ओळख नसल्यासारखे मोजे बघू लागले. गळा शेंडीपाशी अडकला. ओढून ताणून तुम्ही तो खाली उतरवलात, मग वर काढायला गेलात तर निघेना. "घालताना जाईल एकवेळ," तुम्ही त्या माणसाला समजावून सांगत होतात, अंगणवाडीतल्या बायांना सांगावं तसं, "पण काढताना कान सोलत्याल. कान कोन देनार, तुमचा मालक?"

मग कुर्ता उलटा केलात आणि आतली शिवण ओठांवरून फिरवलीत. भर दुकानात, नवीन कापड, ओठांवरून. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "बाहेरून देवाचं आन् आतून गोणपाट," एवढा निकाल देऊन तुम्ही नारळ परत पिशवीत ठेवलात.

मी म्हटलं, "पॅक करा."

तो बुधवार होता, हेही तुम्ही आधीच हेरलेलं असणार. तिथून तुम्ही मला गंगेवर, गोदेच्या काठी, बुधवारच्या बाजारात नेलंत. मी डोळ्यांवरचा गॉगल काढला नाही. कचेरीतलं कुणी भेटलं तर काय सांगायचं, याची दोन-तीन उत्तरं तयार करत उभी होते. तुम्ही ताडपत्रीवरच्या ढिगापाशी बसकण मारलीत. रुमालाचं टोक ओलं करून लाल कापडावर घासायचं, रंग लागला की ते बाजूला. बटणं असतील तर बाजूला, कारण बटण तोंडात जातं. पुढून उघडणारं, बांधायला बंद लावलेलं तेवढं घ्यायचं. अगदी लहान मापाची चारच घेतलीत, बाकी सगळी एक माप मोठी. "झबल्यापेक्षा लेकरू जोरात वाढतं," म्हणालात. मी विचारलं की ओठांवरून का फिरवता, हात नाहीत का. "हात खोटं बोलत्यात. कामानं राठ झाल्यात, त्यांला रेशीम काय नि पोतं काय. ओठ खोटं बोलत नाय."

"माझ्या नातवाला मी रस्त्यावरचं घालणार नाही," मी म्हटलं.

"रस्त्यावरचं नाय, धुतलेलं घालायचं," तुम्ही म्हणालात आणि पिशवीचं तोंड बांधलंत. तुमची ती अख्खी पिशवी माझ्या एका जाकिटापेक्षा स्वस्तात आली होती. ते तुम्ही बोलून दाखवलं असतं तर मी भांडले तरी असते. तुम्ही बोलला नाहीत, आणि मी परतताना रिक्षात तोंड फिरवून बसले.

मग बारसं. मी नाशिकहून सतरा माणसं घेऊन आले होते. त्यात माझ्या दोन्ही बहिणी, त्यांच्या सुना, आणि ज्यांना मी तो कुर्ता आधीच फोटोत दाखवून ठेवला होता अशा चार मैत्रिणी. पाळण्यात आधी वरवंटा घालायचा, त्यालाही बाळासारखं झबलं-टोपडं चढवायचं, खालून-वरून द्यायचा आणि मग बाळ, ही रीत आमच्याकडेही आहे. मी बाहेर ओट्यावर होते. आत आले तेव्हा पाळण्याखालून वरवंटा चालला होता आणि त्याच्या अंगात माझा कुर्ता होता. जाकिटासकट. शौर्य तुमच्या मांडीवर, बुधवारच्या ढिगातल्या पिवळ्या झबल्यात, झोपलेला.

सगळ्या बायका हसत होत्या. माझी धाकटी बहीण तोंडाला पदर लावून हसत होती, ते मी अजून विसरले नाही. मी तुमच्याजवळ येऊन दात आवळून विचारलं, "हे काय केलंत?"

तुम्ही मान वर केलीत आणि शांतपणे म्हणालात, "या कापडाला दगडच पाहिजे, विहीणबाई. त्याला टोचत नाय."

त्या दिवशी मी जेवले ते केवळ माणसं होती म्हणून. मनातल्या मनात तुमच्या शिक्षणापासून तुमच्या सुपारी कातरण्यापर्यंत सगळ्याचा उद्धार करून झाला. इथवरची गोष्ट मी जिला तिला सांगितली आहे. चार वर्षं सांगते आहे. पुढची कुणालाच सांगितलेली नाही, आणि तुम्हाला सांगण्याची गरज नव्हती.

दुपारी माणसं लवंडली तेव्हा मी वरवंट्याच्या अंगातून तो कुर्ता काढला आणि मागच्या खोलीत नेऊन शौर्यला घातला. फोटोसाठी. दहा मिनिटं, फार तर पंधरा. वैशाखाचं ऊन, वर पत्रे. पोरगं किंचाळत होतं. मध्येच श्वास घ्यायला थांबलं, तेवढ्यात मी फोटो काढला. काढताना गळा कानाला अडकला. तुम्ही सांगितलं होतं तसाच, त्याच ठिकाणी. मी ओढला. कानामागे ओरखडा उठला आणि दोन्ही काखांत जरीच्या शिवणीचा लाल वळ.

संध्याकाळी त्याला पुसायला घेतलं तेव्हा माझ्याच बहिणीनं ते पाहिलं. "अगबाई, हे काय उठलंय?" सगळ्या गोळा झाल्या. अश्विनी रडायला लागली. मी भिंतीला टेकून उभी होते आणि माझ्या पर्समध्ये तो कुर्ता कोंबलेला होता, त्याची जरी चेनमधून बाहेर आली होती. तुम्ही वळ बघितलेत. कान बघितलात. मग माझी पर्स बघितलीत.

"घामोळं हाय," तुम्ही म्हणालात. "उन्हाचं उठतंय. पत्र्याचं घर आमचं, त्याला काय करनार."

तीस वर्षं लेकरांची अंगं तपासलेली बाई, घामोळं आणि ओरखडा यांतला फरक तिला कळत नसेल का? तुम्ही तुमच्या पत्र्यावर घेतलंत ते. माझी बहीण लगेच म्हणाली, इथे पंखा तरी लावायचा होता. तुम्ही "हो ना" म्हणालात आणि खोबरेल तेलाची वाटी मागितलीत. जाताना मी तो कुर्ता तुमच्या घरीच, मागच्या खोलीतल्या पेटीवर टाकून आले. डोळ्यांसमोर नको होता मला.

त्यानंतर चार वर्षं मी तुमच्या टोमण्याची वाट बघितली. प्रत्येक भेटीत. तुम्ही टोमणे मारलेत, कमी नाही मारलेत. माझ्या भाजीतल्या साखरेवर, माझ्या कुंड्यांवर, शौर्यला मी घेतलेल्या प्रत्येक कपड्यावर. त्या एका गोष्टीवर मात्र कधी नाही. मारला असतात तर फिटंफाट झाली असती. तुम्ही ते ठेवून दिलंत, आणि मला रोज थोडं थोडं तुमचं मिंधं ठेवलंत. याला लोक साधेपणा म्हणतात.

आपलं एकच छान जमायचं: तिसऱ्याला नावं ठेवणं. तो आनंद मला इतर कुणाबरोबर मिळाला नाही, हे कबूल करते. मोबाइलवर कुणाच्या बाळाचा फोटो आला की मी तो तुम्हाला पाठवायची आणि पाच मिनिटांत तुमचा फोन यायचा. आठ दिवसांचं बाळ टोपलीत घातलेलं, डोक्याला इलॅस्टिकचा पट्टा आणि त्यावर कोबीएवढं फूल. "विकायला बसवलंय का वो याला?" तुम्ही विचारायचात. माझ्या मोठ्या बहिणीच्या नातवाला चार महिन्यांत कातड्याचे बूट घेतले होते. "पाय टेकत नाय अजून, त्याला बूट कशाला?" मी म्हटलं. "देवळाबाहेर काढून ठेवायला आसत्याल," तुम्ही म्हणालात. मी हसून हसून ओट्याला धरून बसले होते. त्या घरात तेव्हा बाळाचे वाढदिवस तीन-तीन कपडे बदलून व्हायचे आणि बाळ तिन्हीत रडायचं. "लेकरू फोटोत राहत नाय, कापडात राहतं," तुम्ही म्हणायचात. मी हो हो करायची आणि माझ्या मोबाइलवरचा शौर्यचा तो कुर्त्यातला फोटो काही बदलायची नाही. अजूनही तोच आहे. बघणाऱ्याला गोड वाटतो.

शेवटचा फोन तुम्ही जायच्या दोन दिवस आधीचा. अश्विनीचे दिवस भरत आले होते. मी म्हटलं, यावेळी मुलगी झाली तर मी जाळीचा फ्रॉक घेणार, घेरदार, आणि कुणाचं काही ऐकून घेणार नाही. मला वाटलं, तुम्ही भांडाल.

"घ्या की," तुम्ही म्हणालात. "वरवंटा हाय माझ्याकडं."

आणि हसलात. मी फोन ठेवला. ठेवला म्हणजे तुमचं हसू चालू असताना कट केला. दोन दिवस मुद्दाम केला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला, तो तुमच्या नंबरवरून होता, म्हणून मी तोऱ्यात उचलला, तर व्याही बोलत होते. झोपेतच गेलात तुम्ही. कुणाला त्रास नाही, असं लोक म्हणतात. मला झाला.

आणि तरी मी तो फ्रॉक घेतला. सांगूनच टाकते. दवाखान्यातून मुलगी घरी आली त्याच दिवशी, त्याच दुकानात जाऊन. गुलाबी, तीन पदरी जाळी, कमरेला टिकल्या. तुम्ही नाहीत म्हटल्यावर मला अडवणार कोण? विक्रेता तोच होता. त्यानं ओळखलं आणि विचारलं, "त्या नारळवाल्या मावशी नाही आल्या?" मी म्हटलं, "गेल्या." तो म्हणाला, "कुठे?" असल्या माणसाला काय उत्तर द्यायचं! मी फ्रॉक हातात घेतला. मग माझ्याही नकळत तो उलटा केला, आणि इकडे तिकडे बघून जाळीची कड ओठांवरून फिरवली. घासणीसारखी होती. "पॅक करा," मी म्हटलं. तुमच्याशी भांडण चालू ठेवायचं तर मला दुसरं काय करता येण्यासारखं होतं?

आज दुपारी व्याही आले. आमच्या घरात वरवंटा नाही. मिक्सर आल्यावर मीच पाटा-वरवंटा देऊन टाकला होता. म्हणून मी त्यांना म्हटलं होतं, येताना तुमचा घेऊन या. त्यांनी दोन गाठोडी आणली. एकात झबली, दुपटी, लंगोट, तुमच्या मऊ झालेल्या लुगड्यांची. चार लहान मापाची, बाकी मोठी. दुसरं गाठोडं जड होतं. सोडलं तर वरवंटा, आणि तो माझ्या कुर्त्यात गुंडाळलेला.

मी तो काढला. हाताला वेगळाच लागला, म्हणून उलटा केला. आतून सगळा कुर्ता तुमच्या निळ्या लुगड्याच्या कापडानं मढवलेला. जरीची एक शिवण उघडी नाही. गळा खांद्यापर्यंत उसवून तिथे दोन बंद लावलेले. जाकिटावरचे मणी गेले होते, बाहेरून तेवढ्या जागी बारीक रंगीत टाके. टाका इतका सारखा की मला दुकानातला वाटला. आणि खिशात कागदाची पुडी, तीत काढलेले सगळे मणी. माझे मणी मला परत. ही तुमची खोड.

"हे कधी केलं त्यांनी?" मी विचारलं.

"त्याच वर्सी," व्याही म्हणाले. "तुम्ही पेटीवर विसरून गेल्या व्हत्या ना, त्याच्यानंतर आठ-पंधरा दिसांत. थोरलं माप हाय, सा-सात म्हयन्याला बसंल म्हणायची. मी म्हनलं, मंग देऊन टाक. तर म्हनली, विहीणबाईंनी तोंडानं मागू दे, लगेच देते. तवर नाय."

मी मागितला नाही. मागितला असता तर तो का टाकून आले होते ते बोलावं लागलं असतं. तुम्ही दिला नाहीत. दोघी शहाण्या. पोरगं सहा महिन्यांचं झालं, वर्षाचं झालं, आता तर शाळेत जायला लागलं, आणि कुर्ता तुमच्या पेटीत माझी वाट बघत पडून राहिला. दोन शब्द लागले असते, विहीणबाई. "कुर्ता द्या" एवढेच. आणि तिसरा म्हणायचा होता तो मी चार वर्षं गिळत राहिले: चुकले.

व्याह्यांना चहा दिला. ते बाळाकडे गेले तेव्हा मी कपाटातून फ्रॉक काढला, त्याची किमतीची चिठ्ठी तोडली आणि तो वरवंट्याला घातला. बरोब्बर बसला. तीन पदरी जाळीत तुमचा वरवंटा मांडी घालून बसल्यासारखा दिसतो. अश्विनी दारात येऊन उभी राहिली. तिनं फ्रॉककडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"आई, हा तर तुम्ही हिच्यासाठी घेतला होता."

"या कापडाला दगडच पाहिजे," मी म्हटलं. "त्याला टोचत नाही."

ती हसायला लागली आणि हसता हसता खालीच बसली, आणि मग तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्यानं रडली. मीही बसले तिच्याजवळ. उद्या माझ्या बहिणी येतील, धाकटी पदर तोंडाला लावून हसेल. कानामागचा तो ओरखडा कशाचा होता, तेही तिला उद्याच सांगणार आहे, सगळ्यांसमोर. तुमच्या पत्र्याला तिनं चार वर्षं नावं ठेवली आहेत.

मुलगी उद्या तुमच्या लुगड्याच्या झबल्यात असेल. कुर्ता मी धुऊन, घडी घालून वरच्या कप्प्यात ठेवला आहे. दिवाळीला ती सहा महिन्यांची होईल, तेव्हा घालीन. त्याआधी गळा नारळावर बघून घेईन. तुमच्यावर माझा विश्वास नाही.